कार्बोरेटर ब्लोअरच्या अलीकडे की पलीकडे?

जुन्या गाडीच्या इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजेच ब्लोअर, चढवायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कार्बोरेटर किती मोठा घ्यायचा? या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक पक्ष म्हणतो, इंजिनात जास्त हवा कोंबायची तर तोंडही तेवढंच मोठं हवं. तेव्हा मिळेल तो सगळ्यात मोठा आणा, जमलं तर दोन आणा. दुसरा पक्ष म्हणतो, कंपनीने मूळ इंजिनाला दिला होता तोच राहू द्या, हवा आत ढकलायचं काम ब्लोअर करेल. दोघांकडेही दाखवायला व्यवस्थित चालणाऱ्या गाड्या आहेत, त्यामुळे कोणीच माघार घेत नाही. माझ्या मते हा वाद मिटत नाही, कारण प्रश्न विचारतानाच मधली एक पायरी गाळली जाते. माप ठरवण्याआधी कार्बोरेटर हवेच्या वाटेवर ब्लोअरच्या अलीकडे बसणार की पलीकडे, हे ठरायला हवं. अलीकडे बसणार असेल तर पहिल्या पक्षाचं बरंचसं खरं आहे, पलीकडे बसणार असेल तर दुसऱ्याचं. आकडेमोड त्यानंतरची, आणि ती शाळेतल्या गणितापलीकडे जात नाही.

सुपरचार्जर नसलेल्या इंजिनापासून सुरुवात करू. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं, आणि फार तर आपल्या सिलिंडरांत मावेल एवढीच घेतं. जुन्या अमेरिकी इंजिनांची क्षमता घनइंचांत सांगायची पद्धत आहे, आणि कार्बोरेटरचं माप त्यातून दर मिनिटाला किती घनफूट हवा जाते यावर सांगतात. त्यालाच सगळे सीएफएम म्हणतात. एका घनफुटात १,७२८ घनइंच असतात. हवा एक फेरी सोडून घेतली जाते, म्हणून तो आकडा दुप्पट करायचा: ३,४५६. इंजिनाच्या घनइंचांना आरपीएमने गुणा, ३,४५६ने भागा, की सीएफएम हातात आले. उदाहरणाला शेव्हर्लेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ घेऊ. १९५५ साली ते २६५ घनइंचांचं म्हणून बाजारात आलं, १९६७च्या कॅमारोमध्ये ३५० घनइंचांचं, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचं झालं, आणि अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी ब्लोअर चढवण्यासाठी ते पुन्हा पुन्हा निवडलं. ६,००० आरपीएमला या ३५०ला ६०८ सीएफएम हवा लागते, तीही सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरला असं धरून. व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डची वळणं आडवी येतात, त्यामुळे रस्त्यावरच्या इंजिनाचा सिलिंडर ८५ टक्क्यांच्या आसपास भरतो. म्हणजे ५१६ सीएफएम. साध्या ३५०वर ६००चा कार्बोरेटर व्यवस्थित पुरतो तो यामुळे. ७५०चा लावणाऱ्याने तो बॉनेट उघडून दाखवण्यासाठी लावलेला असतो, असं म्हटलं तर फारसा अन्याय होणार नाही.

आता कार्बोरेटरवरच्या आकड्याकडे जरा जवळून पाहू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. ६०० हा आकडा म्हणजे त्यातून ६००च्या वर हवा जाऊच शकत नाही असा नाही. थ्रॉटल पूर्ण उघडून कार्बोरेटरच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या दाबात पाऱ्याच्या दीड इंचाचा फरक ठेवला, तर दर मिनिटाला ६०० घनफूट हवा जाते, एवढंच तो सांगतो. फरक वाढला तर हवाही जास्त जाईल, पण सरळ प्रमाणात नाही: दुप्पट हवा ओढायची तर दाबातला फरक चौपट व्हावा लागतो. शिवाय दीड इंचाचा नियम चार नळ्यांच्या, म्हणजे फोर-बॅरल कार्बोरेटरांना लागू आहे. टू-बॅरलची मापं परंपरेने तीन इंच फरकावर सांगितली जातात. त्यामुळे ५०० सीएफएमचा टू-बॅरल फोर-बॅरलच्या मोजपट्टीवर आणला तर तो भरतो ३५४. दोन कॅटलॉग शेजारी ठेवून आकडे जुळवत बसणारे इथे हमखास फसतात.

हा दाबातला फरक नुसता तोट्याचा नाही. कार्बोरेटर त्याच्यावरच जगतो. नळीचा गळा अरुंद केला की हवेचा वेग वाढतो, तिथला दाब उतरतो, आणि फ्लोटच्या टाकीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. गळा फार मोठा असेल तर कमी आरपीएमला हवा रेंगाळत जाते, ओढ पडत नाही, आणि ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाला आधी नुसती हवा मिळते, पेट्रोल मागाहून येतं. गाडी गचका खाते, पिकअप मरतो. धान्याची पोती तोलायच्या काट्यावर सोनं तोलायला घेतलं तर काटा हलतच नाही, तसं हे आहे. म्हणजे मापाच्या प्रश्नाला दोन बाजू झाल्या: वरच्या आरपीएमला हवेची वाट अडू नये, आणि खालच्या आरपीएमला पेट्रोल ओढण्याइतकी ओढ राहावी. साध्या इंजिनावर या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या मुळावर येतात. सुपरचार्जर आला की हा ताळेबंद बदलतो, आणि कसा बदलतो ते कार्बोरेटरच्या जागेवर ठरतं.

आधी अलीकडची जागा घेऊ. बॉनेट फोडून वर आलेला मोठा ब्लोअर आणि त्याच्या डोक्यावर एक किंवा दोन कार्बोरेटर, हे दृश्य ओळखीचं आहे. हा ब्लोअर रूट्स जातीचा. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या इंडियानातल्या भावांनी १८६० साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्माला यायची होती. हॉट-रॉडवाल्यांचा लाडका ‘६-७१’ मुळात जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावरचा: सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून हे नाव. या मांडणीत ब्लोअर कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल दोन्ही ओढून घेतो आणि खाली इंजिनात ढकलतो. कार्बोरेटरमधून जाते ती बाहेरची साधी, न दाबलेली हवा, पण जास्त प्रमाणात. किती जास्त? समजा ब्लोअर चौरस इंचाला ६ पौंड बूस्ट देतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पौंड, त्यात ६ मिळवले की २०.७, आणि १४.७ने भागले की १.४१. आपले ६०८ सीएफएम या हिशेबाने ८५५ होतात. मात्र ही वरची मर्यादा समजावी. हवा दाबली की तापते, आणि रूट्स ब्लोअर या बाबतीत जरा उधळ्याच आहे: ६ पौंडांना तापमान ५० अंश सेल्सियसच्या आसपास वाढू शकतं, आणि तापलेली हवा विरळ होते. दाब ४० टक्क्यांनी वाढला तरी सिलिंडरात पडणारी हवा वीस-पंचवीस टक्क्यांनीच वाढते. म्हणजे प्रत्यक्ष गरज ६५० ते ७५० सीएफएमच्या दरम्यान कुठेतरी. पण सावधगिरी म्हणून ८५० धरून चालू.

या ८५०साठी वेगवेगळी मापं लावून पाहिली तर पहिल्या पक्षाचं म्हणणं कुठपर्यंत खरं आहे ते दिसतं. ६००च्या कार्बोरेटरमधून ८५० सीएफएम ओढायचे तर पाऱ्याचे तीन इंच जातात, म्हणजे वातावरणाच्या दाबातले दहा टक्के. ७५०मध्ये १.९ इंच, साडेसहा टक्क्यांच्या आत. ८५०मध्ये दीड इंच, पाच टक्के. ६००चे दोन लावले तर पाऊण इंच, अडीच टक्के. ब्लोअर प्रत्येक फेरीला ठरलेलं आकारमान उचलतो. ती हवा पाच टक्क्यांनी विरळ असेल तर इंजिनाला पाच टक्के हवा कमी मिळणार, आणि तोंडाशी गमावलेला पाऊण पौंड खाली मॅनिफोल्डमध्ये बूस्टच्या काट्यावर साधारण एक पौंड होऊन दिसणार. म्हणजे अलीकडच्या जागी लहान कार्बोरेटर खरोखर महाग पडतो. पण फायदा कसा आटत जातो तेही पाहा: ६००वरून ७५०वर गेल्यावर साडेतीन टक्के मिळाले, ७५०वरून ८५०वर गेल्यावर दीडच, आणि तिथून थेट १,२००वर उडी मारली तरी अडीच.

आणि खालच्या आरपीएमचं काय? रूट्स ब्लोअर इथे मोठ्या कार्बोरेटरची बाजू घेतो. २,००० आरपीएमला थ्रॉटल पूर्ण उघडला तर साधं ३५० मिनिटाला २०३ घनफुटांहून जास्त ओढत नाही. ब्लोअरवालं इंजिन त्याच वेगाला २५० ते २८५ ओढतं, कारण रूट्स ब्लोअर इंजिनाच्या पट्ट्याला बांधलेला असतो आणि खालपासूनच बूस्ट देतो. ओढ हवेच्या वर्गाने वाढते, तेव्हा गळ्यातली ओढ दीडपट ते दुप्पट होते. साध्या इंजिनावर ज्या ७५०ने गचके दिले असते तोच इथे ६००सारखा वागतो. ‘ब्लोअरवर मोठा कार्बोरेटर चालून जातो’ हे गॅरेजमधलं निरीक्षण त्यामुळे बरोबर आहे. फक्त ते रूट्सपुरतं आणि अलीकडच्या जागेपुरतं बरोबर आहे, हे सांगायचं राहून जातं.

कारण सगळे सुपरचार्जर रूट्सचे नसतात. दुसरी मोठी जात सेंट्रिफ्यूगल: गोगलगाईच्या शंखासारखं कवच आणि आत प्रचंड वेगाने फिरणारं चाक. १९३२च्या ड्यूसेनबर्ग एसजेवर तो होता; त्याच इंजिनाची २६५ अश्वशक्ती त्याने ३२०वर नेली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतलेली ड्यूसेनबर्ग याच मॉडेलची. सेंट्रिफ्यूगलचा स्वभाव असा की बूस्ट वेगाच्या वर्गाने वाढतं. ६,००० आरपीएमला ६ पौंड देणारा २,०००ला एक नवमांश, म्हणजे पाऊण पौंडसुद्धा देत नाही. खालच्या आरपीएमला इंजिन जवळजवळ साधंच असतं, आणि तिथे कार्बोरेटर मोठा असेल तर कोणीच वाचवायला येत नाही.

आता पलीकडची जागा, जिथे ब्लोअर आधी आणि कार्बोरेटर नंतर येतो. पुराव्यासाठी १९५७ची फोर्ड थंडरबर्ड उत्तम, कारण ३१२ घनइंचांचं एकच इंजिन त्या वर्षी तीन तऱ्हांनी विकलं गेलं. एका फोर-बॅरलसह २४५ अश्वशक्ती, दोन फोर-बॅरलसह २७०, आणि एकच फोर-बॅरल ठेवून मागे मॅककलक कंपनीचा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर जोडला तेव्हा ३००. कार्बोरेटर दुप्पट केले तर पंचवीस अश्वशक्ती वाढली. ते जागच्या जागी ठेवून ब्लोअर आणला तर पंचावन्न. त्याच वर्षीच्या स्टुडबेकर गोल्डन हॉकने तर २८९ घनइंचांच्या इंजिनावर ब्लोअरसोबत स्ट्रॉमबर्गचा टू-बॅरल ठेवला आणि २७५ अश्वशक्ती काढली. ब्लोअर नसलेलं हेच इंजिन फोर-बॅरल लावून २२५च्या पुढे जात नव्हतं. ‘लहान पुरतो’ म्हणणारे ज्या गाड्या दाखवतात त्या बहुतेक अशा आहेत.

पुरतो का, तेही पाहू. इथे कार्बोरेटरमधून जाते ती आधीच दाबलेली हवा. इंजिन आकारमानाने पूर्वीइतकीच हवा घेतं, कारण सिलिंडर वाढलेले नाहीत. फक्त ती हवा जास्त घट्ट असते. घट्ट हवेमुळे कार्बोरेटरमध्ये दाबातला फरक वाढतो, पण ज्या दाबातून तो वजा होतो तोही त्याच प्रमाणात वाढलेला असतो. टक्केवारीत तोटा जिथल्या तिथे. साध्या ३५०ला जो ६००चा कार्बोरेटर योग्य होता, तोच बूस्टखाली योग्य राहतो. मूळ सूत्रात बूस्टचा गुणाकार करायचाच नाही, आणि १.४१चा गुणक इथेही लावून ८५०चा कार्बोरेटर आणणारा माणूस पैसे देऊन पिकअप घालवतो.

मग पलीकडचीच जागा सरसकट बरी का नाही? कारण मापाचा प्रश्न सुटला तरी मिश्रणाचा राहतो. हवा १.४ पट घट्ट झाली तर तिचं वजन १.४ पट होतं, पण जेटमधून येणारं पेट्रोल दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे १.१८ पटच. मिश्रण पंधरा टक्क्यांच्या आसपास पातळ होतं, आणि तेही नेमकं जोर लागतो तेव्हा. महाबळेश्वरचा घाट चढणाऱ्या जुन्या फियाटला हेच शास्त्र उलट्या बाजूने भोगावं लागतं: १,३५० मीटरवर हवा मुंबईच्या तुलनेत बारा-तेरा टक्क्यांनी विरळ, म्हणून तेच जेट मिश्रण सहा-सात टक्क्यांनी दाट करतं. घाटात दाट मिश्रणाने फार तर धूर होतो आणि ॲव्हरेज पडतं. बूस्टखाली पातळ मिश्रणाने पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. त्यामुळे पलीकडच्या जागी माप तेच ठेवून जेट मोठे करावे लागतात, आणि बूस्ट आला की जास्तीचं पेट्रोल देणारी सोय करावी लागते. बाकीची किरकोळ दिसणारी कामं वेगळीच: फ्लोटच्या टाकीवर बूस्टएवढाच दाब पोचवायचा, नाहीतर पेट्रोल जेटमधून वर येण्याऐवजी मागे ढकललं जाईल, पंपाचा दाब बूस्टबरोबर वाढता ठेवायचा, आणि पितळी पोकळ फ्लोट काढून भरीव घालायचा, कारण पोकळ फ्लोट दाबाखाली चेपतो.

मर्सिडीजने १९२०च्या दशकात ही कटकट पत्करली, त्याचं कारण त्यांच्या ब्लोअरच्या वापरात होतं. त्यांचा कॉम्प्रेसर कायम चालू नसे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की क्लच लागून तो फिरू लागे. एसएसकेच्या नावापुढच्या २७/१७०/२२५ या आकड्यांतला १७० ब्लोअरविना आणि २२५ ब्लोअरसह. एरवी इंजिनाला कार्बोरेटरमधून सरळ श्वास घ्यायचा असल्याने कार्बोरेटर मधेच असणं सोयीचं होतं. कायम फिरणारा ब्लोअर वापरणाऱ्या रेसिंग गाड्यांनी दुसरी वाट धरली. १९२४च्या सनबीममध्ये कार्बोरेटर ब्लोअरच्या अलीकडे आला, आणि त्याचा मोठा लाभ गारव्याचा होता: पेट्रोलची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, आणि ब्लोअरमध्ये तापणारी हवा आतल्या आत निवते. १९२९ची ‘ब्लोअर’ बेंटली याच घराण्यातली. क्रँकशाफ्टच्या नाकावर ॲम्हर्स्ट व्हिलियर्सने आखलेला रूट्स ब्लोअर, त्याच्या तोंडाशी दोन एसयू कार्बोरेटर. साडेचार लिटरच्या इंजिनाची ११० अश्वशक्ती १७५ झाली. या लाभाची किंमतही आहे. ब्लोअरच्या पोटात पेटाऊ मिश्रण भरलेलं असतं, आणि इंजिनाने उलटा भडका मारला तर तो ब्लोअरपर्यंत पोचतो. ड्रॅग-रेसच्या गाड्यांवर ब्लोअरला जाड पट्ट्यांनी बांधलेलं असतं ते उगाच नाही.

एसयूचं नाव निघालंच आहे, तर ब्रिटिश गाड्यांच्या मालकांना वरच्या आकडेमोडीतून थोडी सूट आहे. ॲम्बेसेडरवर हात चालवलेल्या मेकॅनिकला हा कार्बोरेटर माहीत असतो: वर घुमटासारखी टोपी, आत खाली-वर होणारा पिस्टन, त्याला टोकाकडे निमुळती होत गेलेली सुई. हवा कमी असली की पिस्टन खाली बसून गळा अरुंद करतो, वाढली की वर सरकतो. हवेचा वेग जवळजवळ सारखा राहतो. म्हणून एसयू एक माप मोठा लागला तरी खालच्या आरपीएमला होली-सोलेक्स जातीच्या ठरीव गळ्याच्या कार्बोरेटरइतका बिघडत नाही. मात्र सुई बदलावीच लागते. मूळ सुईची निमुळती धार साध्या इंजिनाच्या मोजमापाने घासलेली असते.

इथवरचं वाचून कोणी ३५०वर रूट्स बसवला, त्यावर ७५०चा होली कार्बोरेटर चढवला आणि निश्चिंत झाला, तरी त्याचं इंजिन महिन्याभरात जळू शकतं, आणि खापर मात्र मापावर फुटतं. खरा दोषी असतो पॉवर व्हॉल्व्ह. होलीच्या कार्बोरेटरमध्ये, मीटरिंग ब्लॉकच्या आत, नाण्याएवढा हा भाग आटे फिरवून बसवलेला असतो. एक पातळ पडदा आणि एक स्प्रिंग. थ्रॉटलच्या खालची निर्वात ओढ या पडद्याला धरून ठेवते. सपाट रस्त्यावर निवांत चालताना ती ओढ भरपूर, व्हॉल्व्ह बंद, पेट्रोलची बचत. चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला, की ओढ उतरते. ती व्हॉल्व्हवर कोरलेल्या आकड्याखाली, समजा पाऱ्याच्या साडेसहा इंचांखाली गेली, की स्प्रिंग जिंकते आणि जास्तीचं पेट्रोल सुटतं. व्हॉल्व्हवर ‘६५’ असं असतं त्याचा अर्थ हा. ब्लोअर मधे आला की ही चलाख योजना आंधळी होते. थ्रॉटलच्या खाली आता मॅनिफोल्ड नसून ब्लोअरचं तोंड आहे, आणि ते सतत ओढतंय. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना ब्लोअरच्या वर आठ इंचांची ओढ आणि त्याच्या खाली थोडा बूस्ट, अशी अवस्था सहज येते. इंजिन ओझं वाहतंय आणि पॉवर व्हॉल्व्हला वाटतंय गाडी निवांत चालली आहे. पेट्रोल वाढत नाही, मिश्रण पातळ राहतं, नॉकिंग सुरू होतं, आणि ब्लोअरच्या किंकाळीत ते ऐकूही येत नाही. उपाय अवघड नाही: पडद्याकडे जाणारा मूळ मार्ग बुजवायचा आणि ब्लोअरच्या खालून, मॅनिफोल्डमधून, एक बारीक नळी आणून जोडायची. तयार मिळणाऱ्या ब्लोअर-कार्बोरेटरांत ही सोय कारखान्यातूनच केलेली असते.

मापाशीही याचा संबंध आहे. ६००चा कार्बोरेटर ८५० सीएफएमला तीन इंच खातो असं वर आलं. म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडा असतानाही ब्लोअरच्या तोंडाशी तीन इंचांची ओढ शिल्लक. नळी न बदलता तिथे अडीच इंचांचा पॉवर व्हॉल्व्ह ठेवला असेल, तर तो ऐन ६,००० आरपीएमला, सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असताना, बंद राहील. लहान कार्बोरेटरमुळे ताकद कमी होते एवढंच लोक जाणतात. तो असा इंजिनही जाळू शकतो.

दोन कार्बोरेटरवाल्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण हवेच्या हिशेबात त्यांना फारसं काही मिळालं नाही. ८५० घनफूट हवेचं वजन होतं सुमारे ६५ पौंड. बूस्टखाली बारा भाग हवेला एक भाग पेट्रोल धरलं तर मिनिटाला साडेपाच पौंडांच्या आसपास, म्हणजे तीन लिटरहून जास्त पेट्रोल लागतं. एवढं सगळं एका कार्बोरेटरच्या फ्लोटच्या झडपांतून आत यायचं म्हणजे त्यांची परीक्षाच. टाकीतली पातळी उतरली की मिश्रण लगेच पातळ. दोन कार्बोरेटर ही जबाबदारी वाटून घेतात, आणि लांब रोटरांच्या दोन्ही टोकांना पेट्रोल सारखं पोचतं. म्हणजे दोन लावण्यात अर्थ आहे, पण तो पेट्रोलच्या वाटपाचा. दोन लावायचेच तर ४५०चे लावावेत. ७५०च्या जोडीची रस्त्यावरच्या ३५०ला काहीच गरज नाही.

शेवटचा आक्षेप अर्थात असा की हे सगळं करण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन लावावं. रोज कामावर न्यायच्या गाडीसाठी हे खरं आहे. हवेचं वजन मोजणाऱ्या संगणकापुढे आकारमानावर अंदाज बांधणारा कार्बोरेटर टिकत नाही. पण १९५७च्या गोल्डन हॉकचा कार्बोरेटर काढून टाकला तर ती गाडी म्हणून जे जपायचं होतं त्यातलाच एक भाग गेला, आणि व्हिंटेज गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षक बॉनेट उघडून तेच पाहतात. शिवाय ज्याला हा हिशेब नको आहे त्याला ब्लोअर तरी कशाला हवा आहे?

निवड बरोबर झाली की नाही हे गाडी सुरू झाल्यावर तपासताही येतं, आणि त्यासाठी लागतो फक्त व्हॅक्यूम गेज. अलीकडच्या मांडणीत तो कार्बोरेटर आणि ब्लोअर यांच्यामध्ये जोडायचा, थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन त्याच्या सर्वोच्च आरपीएमपर्यंत न्यायचं, आणि काटा वाचायचा. एक ते दीड इंचांच्या दरम्यान असेल तर माप जमलं. तीनच्या पुढे गेला तर कार्बोरेटर लहान. पाव इंचावर घुटमळत असेल तर तो गरजेपेक्षा फार मोठा आहे, आणि खालच्या आरपीएमला गाडी गचके देत असेल तर कारण सापडलं. पलीकडच्या मांडणीत कार्बोरेटरच्या वरचा आणि खालचा दाब वेगवेगळा वाचून फरक काढायचा, आणि तिथे ६ पौंड बूस्टला दोन इंचांपर्यंतचा फरक चालतो.